पाहिलेले लगेच सांगा, निष्कर्ष सावकाश काढा



विश्वात कोठे ना कोठे, सरासरीने दररोज एकदा, गॅमा किरणांचा एक प्रचंड लोळ उठतो आणि त्याची चमक आपल्यापर्यंत येऊन पोचते. ही चमक कधी सेकंदाच्या लहानशा अंशापुरती टिकते, तर कधी काही मिनिटे. तेवढ्या वेळात गॅमा किरणांच्या दृष्टीने ती साऱ्या आकाशात सर्वांत प्रखर असू शकते. मग ती विझते. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पृथ्वीचे वातावरण त्यांना जमिनीपर्यंत येऊ देत नाही. म्हणून त्यांचा वेध घेणारी उपकरणे कृत्रिम उपग्रहांवर बसवावी लागतात. या घटनेला गॅमा किरण स्फोट असे म्हणतात.

यांतील बहुतेक स्फोट आपल्यापासून अब्जावधी प्रकाशवर्षे दूर होतात, हे आज आपण निःशंकपणे सांगू शकतो. पण अशा स्फोटाची पहिली नोंद झाली 1967 साली, आणि त्याचे अंतर प्रथम कळले ते 1997 साली. मधली तीस वर्षे हे एक कोडेच होते. ते कसे सुटले असे विचारले, तर बहुतेक जण म्हणतील की मोठ्या दुर्बिणी आल्या, चांगले उपग्रह आले, म्हणून सुटले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते या उकलीत उपकरणांइतकाच वाटा शास्त्रज्ञांच्या एका सवयीचा आहे. जे दिसले ते जसेच्या तसे टिपून ठेवायचे, ते इतरांना ताबडतोब सांगायचे, आणि त्याचा अर्थ लावताना मात्र घाई करायची नाही, ही ती सवय होय. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांत नेमकी याच्या उलट सवय लागते, असे मला वाटते. म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे मांडत आहे.

बाजूला ठेवलेल्या नोंदी

1963 साली अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांच्यात एक करार झाला. वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुबाँबच्या चाचण्या करायच्या नाहीत, असे त्यात ठरले. पण कोणी चोरून, अगदी चंद्राच्या पलीकडे जाऊन चाचणी केली तर? अणुस्फोटातून गॅमा किरण बाहेर पडतात. ते टिपण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. जमिनीपासून सुमारे एक लाख किलोमीटर उंचीवरून ते पहारा करीत.

2 जुलै 1967 रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांची एक चमक नोंदली. तिचे चढउतार अणुबाँबच्या चमकेसारखे नव्हते. लॉस अलामॉस येथील रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन हे 1969 साली जुन्या नोंदी तपासत असताना ही चमक त्यांच्या नजरेस आली. त्यांचे काम अणुचाचण्या शोधण्याचे होते. ही चाचणी नाही, एवढे कळल्यावर ते ती नोंद टाकून देऊ शकले असते. यंत्रात काही बिघाड झाला असेल, असे म्हणून तिच्यावर काट मारणे तर फारच सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांचा उलगडा होत नाही अशा नोंदी त्यांनी जपून ठेवल्या.

पुढे सोडलेल्या वेला उपग्रहांवरील घड्याळे अधिक अचूक होती. त्यांचा उपयोग कसा झाला ते पाहा. दिवाळीत गावाबाहेर कोठेतरी सुतळी बाँब उडाला, तर त्याचा आवाज गावाच्या एका टोकाला आधी आणि दुसऱ्या टोकाला नंतर ऐकू येतो. दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या मित्रांनी अचूक वेळ टिपली, तर वेळेतील फरकावरून बाँब कोणत्या बाजूला उडाला हे सांगता येते. प्रकाश आणि गॅमा किरण सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. दोन उपग्रह एकमेकांपासून दोन लाख किलोमीटर दूर असले, तर चमक पोचण्याच्या वेळेत सेकंदाच्या दोन-तृतीयांशापर्यंत फरक पडू शकतो. हा फरक मोजून त्या शास्त्रज्ञांनी चमकांच्या दिशा काढल्या. त्या पृथ्वीकडून आलेल्या नव्हत्या आणि सूर्याकडूनही आलेल्या नव्हत्या.

1973 साली क्लेबेसाडेल, ओल्सन आणि त्यांचे सहकारी इयन स्ट्राँग यांनी अशा 16 स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली. हे उपग्रह लष्करी कामाचे असल्यामुळे माहिती दडवून ठेवली होती, असे कधी कधी लिहिलेले आढळते. पण उशिराचे मुख्य कारण ही पडताळणी हेच होते. आणि निबंधात त्यांनी काय म्हटले? एवढेच, की हे स्फोट दूर अवकाशातून येतात. ते कशामुळे होतात याविषयी त्यांनी कसलाही दावा केला नाही, कारण त्यासाठी त्यांच्याजवळ पुरावा नव्हता.

काजवा की गॅसबत्ती?

निबंध प्रसिद्ध झाला मात्र, आणि तर्कांचा पाऊस पडू लागला. कोणी म्हणाले, न्यूट्रॉन ताऱ्यावर धूमकेतू आदळत असेल. कोणी म्हणाले, न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचाला तडे जात असतील. पुढील वीस वर्षांत असे शंभराहून अधिक तर्क मांडले गेले. खरी अडचण अंतराची होती. अंधाऱ्या रात्री समोर एक प्रकाशाचा ठिपका दिसला, तर तो जवळच्या झुडपावरचा काजवा आहे की दूरच्या टेकडीवरची गॅसबत्ती आहे, हे अंतर कळल्याशिवाय सांगता येत नाही. गॅमा किरण स्फोटांचेही तसेच होते. ते जवळ असतील तर त्यांची शक्ती बेताची, आणि फार दूर असतील तर कल्पनेपलीकडची!

एप्रिल 1991 मध्ये अमेरिकेने ‘कॉम्पटन’ ही वेधशाळा अवकाशात सोडली. तिच्या आठ कोपऱ्यांवर गॅमा किरण टिपणारी आठ उपकरणे होती. 2000 सालापर्यंत त्यांनी 2,704 स्फोट नोंदले. स्फोटांच्या जागा आकाशाच्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या सगळीकडे सारख्याच विखुरलेल्या दिसल्या. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत हे स्फोट होत असते, तर उन्हाळ्याच्या रात्री दिसणाऱ्या आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची दाटी झाली असती. तशी ती नव्हती.

तरीही प्रश्न सुटला नाही. आकाशगंगेभोवती एक अतिविशाल, विरळ गोलाकार वलय आहे. स्फोट त्यात होत असतील तरी नकाशा असाच दिसेल, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. 22 एप्रिल 1995 रोजी वॉशिंग्टन येथे यावर जाहीर वाद झाला. स्फोट अतिदूरच्या दीर्घिकांत होतात, ही बाजू बोहदान पाचिन्स्की यांनी मांडली. ते आपल्या आकाशगंगेच्या परिसरातच होतात, ही बाजू डोनाल्ड लँब यांनी मांडली. ब्रिटनचे मार्टिन रीस अध्यक्षस्थानी होते. दोघांचेही मुद्दे विचारपूर्वक होते, पण वाद मिटला नाही. तो बोलून मिटण्यासारखा नव्हताच. त्यासाठी हवे होते एखाद्या स्फोटाचे आकाशातील अचूक ठिकाण.

हे ठिकाण मिळणे फार कठीण होते. गॅमा किरण भिंगातून वळत नाहीत, म्हणून साध्या दुर्बिणीप्रमाणे त्यांची प्रतिमा घेता येत नाही. कॉम्पटनने दाखवलेल्या जागेत कित्येक अंशांची चूक असे. तेवढ्या आभाळात पौर्णिमेचे अनेक चंद्र बसतील, मग तारे आणि दीर्घिका किती असतील, याचा विचार तुम्हीच करा.

अडीच महिन्यांत उकल

इटली आणि नेदरलँड्स या देशांनी मिळून 1996 साली ‘बेप्पोसॅक्स’ हा उपग्रह सोडला. त्याच्या क्ष-किरण कॅमेऱ्यांपुढे भिंगाऐवजी भोके पाडलेला एक पडदा होता. खिडकीच्या जाळीची सावली भिंतीवर कोठे पडते, यावरून सूर्य कोठे आहे ते जसे सांगता येते, तसे या पडद्याच्या सावलीवरून किरणांची दिशा काढता येई.

28 फेब्रुवारी 1997 रोजी बेप्पोसॅक्सला एक स्फोट सापडला. सुमारे आठ तासांत उपग्रह त्या दिशेला वळवला गेला, आणि तेथे एक मंदावत जाणारा क्ष-किरणांचा ठिपका दिसला. स्फोटाची ही मागे रेंगाळणारी मंद प्रभा होती. ठिकाण कळताच ॲम्स्टरडॅमचे यान व्हान पॅराडाइस आणि त्यांचे पॉल ग्रोट व टायटस गलामा हे संशोधक विद्यार्थी कामाला लागले. कॅनरी बेटांवरील ला पाल्मा येथील 4.2 मीटर व्यासाच्या विल्यम हर्शल दुर्बिणीने त्याच रात्री त्या भागाचे छायाचित्र घेतले. आठवडाभराने पुन्हा छायाचित्र घेतले. पहिल्या छायाचित्रातील एक ठिपका दुसऱ्यात नव्हता. गॅमा किरण स्फोटाची साध्या प्रकाशातील प्रभा प्रथमच मानवाला दिसली होती.

8 मे 1997 रोजी आणखी एक स्फोट झाला. त्याचेही ठिकाण लगेच कळवले गेले. तीन दिवसांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून मार्क मेट्झगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रभेचा वर्णपट घेतला. त्यात लोह आणि मॅग्नेशियम यांच्या रेषा आपल्या नेहमीच्या जागेवरून तांबड्या टोकाकडे बऱ्याच सरकलेल्या होत्या. याला ताम्रसृती म्हणतात. तीवरून हिशेब निघाला की हा प्रकाश आपल्याकडे येण्यास निघाला त्याला निदान सात अब्ज वर्षे झाली आहेत. आपली पृथ्वीदेखील तेव्हा जन्मली नव्हती! पाचिन्स्की यांची बाजू खरी ठरली. तीस वर्षांचे कोडे अडीच महिन्यांत सुटले.

यात उपग्रह इटली आणि नेदरलँड्सचा, एक दुर्बीण कॅनरी बेटांवरची, दुसरी पॅसिफिक महासागरातल्या बेटावरची. स्फोटाचे ठिकाण उपग्रहवाल्यांनी ‘आधी आपला निबंध पूर्ण करू’ म्हणून महिनाभर स्वतःजवळ ठेवले असते, तर प्रभा तोवर विझून गेली असती. केकसारखी दुर्बीण असूनही तिला तेथे काही दिसले नसते. मी सवयीला उपकरणाइतके महत्त्व देतो ते यासाठी.

सर्वांसाठी एक सूचनाफलक

ही सवय आता एका पक्क्या व्यवस्थेत उतरली आहे. उपग्रहाला स्फोट दिसला, की त्याची वेळ व जागा काही सेकंदांत जगभरच्या वेधशाळांकडे आपोआप जाते. अमेरिकेत 1990 नंतरच्या काळात स्कॉट बार्थेल्मी यांनी या संदेशव्यवस्थेची उभारणी केली. माणसांनी लिहिलेली छोटी पत्रकेही याच मार्गाने जातात आणि ती कोणालाही वाचता येतात. त्यांत ‘आम्ही पाहिले, पण काही दिसले नाही’ असे कळवणारी पत्रकेही भरपूर असतात. तेही निरीक्षणच आहे, कारण अमुक वेळी प्रभा किती मंद होती याची मर्यादा त्यावरून कळते.

या व्यवस्थेमुळे लहान उपकरणांनाही मोठी कामे करता आली. 23 जानेवारी 1999 रोजी लॉस अलामॉस येथील एका स्वयंचलित यंत्राने, ज्यात फक्त चार छायाचित्रणाची भिंगे होती, संदेश मिळताच स्फोटानंतर 22 सेकंदांत त्या जागेचे छायाचित्र घेतले. काही क्षण ती प्रभा एवढी तेजस्वी होती, की साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही दिसली असती. याच स्फोटाच्या मंदावत गेलेल्या प्रभेचे वेध पुढे आपल्या नैनितालच्या 104 सेंटिमीटर दुर्बिणीनेही घेतले. जुलै 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बर्टो मोनार्ड या हौशी आकाशनिरीक्षकाने एका स्फोटाची प्रभा स्वतः शोधून काढली. त्यांना उपग्रहाने दिलेले ठिकाण कळले नसते, तर हे शक्यच नव्हते.

नोव्हेंबर 2004 मध्ये सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह तर याच कामासाठी बनवला होता. त्याच्या पडद्यात शिशाचे पन्नास हजारांहून अधिक तुकडे बसवलेले होते. स्फोटाची जागा ठरवून एक-दीड मिनिटात तो स्वतःच तिकडे वळत असे. भारताने सप्टेंबर 2015 मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ वरील एका उपकरणानेही 2022 पर्यंत पाचशे स्फोट टिपले.

घाईने चुका होत नाहीत का?

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील, “लगेच सांगण्याच्या घाईत चुका होणार नाहीत का?” होतात. 9 ऑक्टोबर 2022 चेच उदाहरण घ्या. भारतीय वेळेनुसार सायंकाळी 6 वाजून 47 मिनिटांनी ‘फर्मी’ उपग्रहाने एक विलक्षण प्रखर स्फोट नोंदला. सुमारे 53 मिनिटांनी तीच जागा स्विफ्टच्या नजरेस आली. ती आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्यामुळे, हा आपल्याच आकाशगंगेतील एखादा नवा क्ष-किरण स्रोत असावा, असे प्रथम कळवले गेले. काही तासांतच दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहण्यात आल्या, आणि हा दूरच्या स्फोटाचाच मागे उरलेला प्रकाश आहे, हे ध्यानात आले. चिली देशातील मोठ्या दुर्बिणीने ताम्रसृती मोजली. प्रकाश जवळजवळ दोन अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. आजवर नोंदलेल्या स्फोटांत हा सर्वांत प्रखर ठरला. असा स्फोट दहा हजार वर्षांत एखादाच दिसावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

येथे चूक झाली ती निष्कर्षात. निरीक्षण, म्हणजे जागा, वेळ आणि तेज, बरोबरच होते. ते सर्वांपुढे होते म्हणून चूक काही तासांत सुधारली. नोंद दडवून ठेवली असती, तर चूकही तिच्याबरोबर दडून राहिली असती.

निष्कर्षाची घाई कशी अंगलट येते, याचे दुसरेही उदाहरण आहे. दोन सेकंदांहून अधिक टिकणारे स्फोट प्रचंड ताऱ्याच्या अंतकाळी, त्याचा गाभा कोसळताना होतात, आणि त्याहून छोटे स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना होतात, अशी विभागणी सर्वमान्य झाली होती. 17 ऑगस्ट 2017 रोजी तिला मोठा आधार मिळाला. त्या दिवशी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या, आणि त्यानंतर 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांचा एक छोटा स्फोट दिसला. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या जागेकडे सत्तरच्या आसपास वेधशाळा वळल्या. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही पुढे तिचा मागोवा घेतला. पण डिसेंबर 2021 मध्ये जवळजवळ एक मिनिट टिकलेला एक स्फोट झाला, आणि त्याच्या मागे खुणा मात्र मिळाल्या दोन ताऱ्यांच्या मीलनाच्या! निरीक्षकांनी त्या खुणा ‘नियमात बसत नाहीत’ म्हणून गाळल्या नाहीत. आता नियमच पुन्हा तपासला जात आहे.

दुसरी शंका श्रेयाची. “आम्ही शोधायचे आणि फुकट वाटायचे, मग नाव कोणाचे?” त्या छोट्या पत्रकांवर निरीक्षकांची नावे, तारीख आणि वेळ असते. प्रथम कोणी पाहिले याचा तोच दाखला होय. लवकर सांगणाऱ्याचे श्रेय बुडत नाही, उलट ते नोंदले जाते.

आपली प्रयोगवही

आता आपल्या प्रयोगशाळेत येऊ. लोलकाच्या प्रयोगावरून गुरुत्वत्वरण काढायचे असते. पुस्तकात उत्तर 9.8 दिलेले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. एखाद्याचे उत्तर 9.3 येते. मग तो काय करतो? आंदोलनांचा काळ थोडा बदलतो, खोडरबर फिरवतो आणि 9.8 आणून ठेवतो. चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांत एकच उत्तर! याला नीटनेटकेपणा म्हणतात आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. माझ्या मते हा विज्ञानाच्या शिक्षणातला सर्वांत मोठा तोटा आहे. 9.3 का आले, हा खरा प्रश्न होता. दोरी लांबत होती का? आंदोलने मोजताना एक चुकले का? लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली नव्हती का? उत्तर जुळवताक्षणीच हे सारे प्रश्न मेले. क्लेबेसाडेल यांनी असे जुळवून घेतले असते, तर 1967 सालची ती चमक कोणालाच कळली नसती.

म्हणून माझे तुम्हाला आग्रहाचे सांगणे आहे. प्रयोगातील वाचने शाईने लिहा, आणि शेजारी तारीख व वेळ घाला. चुकले असे वाटले तर खोडू नका. एक रेघ मारा आणि कारण लिहा. आपले वाचन शेजारच्या मित्राला दाखवा. ते दोघांचे सारखे यावे म्हणून नव्हे, तर वेगळे का आले हे दोघांनी मिळून शोधावे म्हणून. काही दिसले नाही, तर ‘काही दिसले नाही’ असेच लिहा. निष्कर्ष शेवटी लिहा, आणि पुरावा जेवढा असेल तेवढाच लिहा.

शिक्षकांनाही एक विनंती करावीशी वाटते. पुस्तकाशी न जुळणारे पण प्रामाणिक वाचन, आणि ते का जुळले नाही याचा विचार, यांना जुळवलेल्या उत्तरापेक्षा अधिक गुण द्यावेत. असा एक जरी प्रयोग वर्षातून झाला, तरी मुलांना वही लपवण्याचे कारण उरणार नाही.

मोठी दुर्बीण तुम्हाला लगेच मिळेल असे नाही. पण न जुळणारी नोंद जपण्यासाठी आणि ती चारचौघांत मांडण्यासाठी दुर्बीण लागत नाही. ती सवय याच वर्षी, येत्या प्रयोगाच्या तासापासून लावून घ्या.